बॅगवर हक्क सांगा, पोत्यावर नको

२०२० च्या जूनमधली गोष्ट. आमच्या लातूरकडं त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, वापसा आला तशी सगळ्यांनीच सोयाबीनची घाई केली, आम्हीपण दुकानातून नव्या बॅगा आणल्या, टॅग लावलेल्या, पावतीसकट, आणि चाड्यावर मूठ धरली. आठव्या दिवशी रानात गेलो तर तासंच दिसंनात. माती उकरून बघितलं तर दाणा फुगून कुजलेला, हातात घेतला की वास मारत होता. त्या खरिपात राज्यभर हेच झालं होतं, हजारो तक्रारी कृषी खात्याकडं गेल्या होत्या, त्यामुळं आमचं एकट्याचं नशीब फुटकं असं म्हणता येणार नाही. दुबार पेरणीला बियाणं आणायचं कुठून, दुकानात माल शिल्लक नाही आणि जिथं आहे तिथं भाव ऐकून माणूस माघारी फिरावा. तेव्हा शेजारच्या तात्यांनी घरात ठेवलेलं दीड क्विंटल सोयाबीन काढून दिलं. जेएस ३३५ वाण होतं. मागच्या सुगीत मळणी करताना त्यांनी मशीनचे फेरे कमी ठेवून ते मुद्दाम बाजूला काढलं होतं, दाण्याचं टरफल फुटू नये म्हणून, आणि पोती एकावर एक न रचता फळ्यांवर ठेवली होती. आमच्या आण्णांनी विचारलं पैसे किती द्यायचे, तर तात्या म्हणाले, "पैसं कशाचं लावतो, सुगी झाल्यावर सवाईनं माघारी घाल."

देण्याआधी त्यांनी उगवण बघून ठेवलेली होती. गोणपाटाचा तुकडा भिजवून अंगणात पसरायचा, त्यावर दहा दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं आणि गुंडाळी करून सावलीला ठेवायची, रोज पाण्याचा हबका मारायचा. सातव्या दिवशी त्यांनी उलगडलं तेव्हा ब्याऐंशी कोंब होते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला सत्तर टक्के उगवण लागते. म्हणजे तात्यांच्या घरातलं पोतं प्रमाणित बियाण्याच्या मापाला पुरून वर बारा दाणे जास्त, आणि आमच्या टॅगवाल्या बॅगेतलं रानात कुजलेलं. ती पाच एकर आम्ही तात्यांच्या बियाण्यावर काढली.

हे सगळं सांगायचं कारण असं की तात्यांनी जे केलं ते जगातल्या बऱ्याच देशांत बेकायदेशीर ठरू शकतं. वाण जुनं असेल, कुणाच्या हक्काखाली नसेल तर प्रश्न नाही. पण तेच वाण कायद्यानं संरक्षित असेल तर शेजाऱ्याला बियाणं देणं हा पैदासकाराच्या, म्हणजे वाण काढणाऱ्याच्या, हक्काचा भंग होतो. आपल्याकडं होत नाही. आपल्याकडं होत नाही ते एका कायद्यातल्या एका कलमामुळं, आणि ते कलम किती शेतकऱ्यांना माहीत आहे असा विचार केला की मला खरंच काळजी वाटते.

कायद्याचं नाव लांबलचक आहे, वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. तो आला कसा हे थोडं सांगतो. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना झाली, तिच्या बौद्धिक संपदेच्या करारात एक अट होती की प्रत्येक सदस्य देशानं नव्या वाणांना संरक्षण दिलंच पाहिजे, मग पेटंट द्या नाहीतर स्वतःची वेगळी परिणामकारक पद्धत उभी करा. युरोपवाल्यांकडं अशी पद्धत आधीपासून होती, १९६१ मध्ये पॅरिसला त्यांनी एक करार केला होता, त्याला युपोव्ह म्हणतात, पुढं १९७८ ला आणि मग १९९१ ला तो बदलला, आणि १९९१ च्या बदलानं पैदासकाराचा हात घट्ट झाला, शेतकऱ्याचा सैल. बऱ्याच देशांनी डोळे झाकून तोच उचलला. आपण उचलला नाही. आपल्या संसदेच्या संयुक्त समितीनं सरकारनं आणलेल्या विधेयकात शेतकऱ्याच्या हक्काचं वेगळं प्रकरण घातलं, शेतकरी संघटना, कार्यकर्ते, शास्त्रज्ञ यांनी त्यासाठी जोर लावला होता, आणि त्यामुळं पैदासकाराला आणि शेतकऱ्याला एकाच कायद्यात हक्क देणारा असा कायदा तयार झाला. पिकांच्या वाणाला पंधरा वर्षं, झाडं आणि वेलींना अठरा वर्षं संरक्षण. आणि कलम ३९ म्हणतं की शेतकरी आपल्या शेतमालाचं, त्यात बियाणंही आलं, हा कायदा येण्याआधी जे जे करत होता ते सगळं करू शकतो: राखून ठेवणं, वापरणं, पेरणं, पुन्हा पेरणं, अदलाबदल, वाटणं आणि विकणंसुद्धा. संरक्षित वाणाचं असलं तरी. फक्त एक गोष्ट करता येणार नाही, ब्रँडेड बियाणं विकता येणार नाही. ब्रँडेड म्हणजे काय तेपण कायद्यात सांगितलंय, पिशवीत किंवा डब्यात भरून वरती हे अमुक संरक्षित वाण आहे असं लेबल लावलेलं.

मला ही रेघ फार आवडते. आणि ती अगदी बरोबर ठिकाणी ओढलीय असं माझं मत आहे. बॅग शिवून, लेबल लावून, दुकानात मांडून जो विकतो तो बियाण्याचा धंदा करतो, त्यानं ज्यानं वाण काढलं त्याला पैसे दिलेच पाहिजेत. पण पोत्यातून पोत्यात जे बियाणं जातं तो धंदा नाही, ती शेती आहे. शेतीतला तो भाग काढून घेतला तर शेतकरी दरवर्षी दुकानाच्या दारात, आणि दुकानातलं कुजलं तर कुणाच्याच दारात नाही.

आता पैदासकाराची बाजू. ती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. नवीन वाण काढणं म्हणजे काय काम असतं हे ज्यानं एकदा बघितलंय तो या लोकांना नावं ठेवणार नाही. सोयाबीनचं फूल केवढं, इवलीशी त्याची कळी, ते उमलायच्या आधी चिमट्यानं त्याचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा, वर खुणेचा दोरा बांधायचा, आणि अशी कित्येक फुलं केली तरी त्यातली थोडीच धरतात. मग त्यातून आलेले चार दाणे पेरायचे, पुढची पिढी, त्याच्या पुढची पिढी, निवड, पुन्हा निवड, मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या. दहा-बारा वर्षं सहज जातात. एवढं करून काढलेलं वाण दुसऱ्या कंपनीनं उचलून आपल्या नावानं पॅक करून विकलं तर तो अन्यायच आहे. कायदा नेमका तो थांबवतो. नवीन, वेगळं, एकसारखं आणि स्थिर, या चार कसोट्यांना वाण उतरलं की नोंदणी मिळते आणि दुसरा कुणी त्याचं बियाणं व्यापारासाठी तयार करू शकत नाही. हे असावं. याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते पैदासकार बॅगेवरून हात पुढं सरकवून पोत्यापर्यंत येतो तेव्हा. गुजरातच्या बटाट्याची केस आठवा. २०१९ च्या एप्रिलमध्ये पेप्सिको कंपनीनं साबरकांठा जिल्ह्यातल्या चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपयांचा दावा लावला. काय गुन्हा, तर एफएल २०२७ नावाचं, ज्याला एफसी ५ पण म्हणतात, ते चिप्सचं बटाट्याचं वाण त्यांनी कंपनीशी करार नसताना लावलं. चार-पाच एकरवाल्या माणसाला कोटीची नोटीस. मी ती बातमी वाचली त्या दिवशी आण्णांना सांगितली तर त्यांना आधी खरंच वाटेना, ते म्हणाले बटाटा लावल्यावर कोटी कसे होतील, तू नीट वाच. देशभर आरडाओरडा झाला, शेतकरी संघटना उभ्या राहिल्या, सरकारनं लक्ष घातलं आणि मे महिन्यात कंपनीनं दावे मागं घेतले. पुढं शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांनी त्या वाणाची नोंदणीच रद्द करा म्हणून अर्ज केला, डिसेंबर २०२१ मध्ये याच कायद्याखालच्या वाण प्राधिकरणानं ती रद्द केली, दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाचा निर्णय कायम ठेवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठानं तो फिरवून कंपनीच्या बाजूनं निकाल दिला.

त्या निकालावर बरीच मंडळी म्हणाली की शेतकरी हरले. मला तसं वाटत नाही, वाद कंपनीच्या नोंदणीचा होता, कलम ३९ ला कुणी हात लावलेला नाही, ते जागच्या जागी आहे. पण मला त्या केसमधली वेगळीच गोष्ट टोचते. कायदा त्या चार शेतकऱ्यांच्या बाजूनं होता, अगदी स्वच्छ शब्दांत होता, शिवाय कलम ४२ पण आहे, ते म्हणतं की असा कुणाचा हक्क आहे हेच ज्या शेतकऱ्याला माहीत नव्हतं त्यानं हक्कभंग केला असं धरायचं नाही, आणि तरीही कोर्टाची नोटीस आली, मनाई हुकूम आला, वकील शोधायची वेळ आली. हक्क कागदावर आहे हे सांगायलासुद्धा शेतकऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि समोरच्याकडं वकिलांची फौज. ओरड झाली नसती तर चारपैकी किती जणांनी घाबरून सही करून दिली असती? मला वाटतं बहुतेक सगळ्यांनी. मी असतो तर मीपण विचार केला असता. म्हणून शेतकऱ्यावर अशी केस करायची असेल तर आधी प्राधिकरणाकडं जावं लागेल, हा माणूस ब्रँडेड बियाणं विकत होता का एवढं आधी तिथं ठरेल आणि मगच कोर्ट, असा नियम हवा. त्यानं पैदासकाराचं काही नुकसान होत नाही, खरा चोर असेल तर तो तिथंही सापडतोच.

आता बाहेरून येणारा दबाव. मुक्त व्यापार करारांच्या बोलण्यांमध्ये श्रीमंत देशांकडून युपोव्हचा १९९१ चा करार स्वीकारा अशी मागणी पुन्हा पुन्हा पुढं येते. स्वित्झर्लंड, नॉर्वे या देशांच्या गटाशी आपला करार मार्च २०२४ ला झाला त्याच्या वाटाघाटीतही हा विषय होता, करारात तो आला नाही हे चांगलं झालं, पण विषय संपलेला नाही. त्या १९९१ च्या करारात शेतकऱ्याच्या बियाणं राखण्याचं काय आहे ते बघा. देश वाटलं तर सूट देऊ शकतो, बंधन नाही, आणि ती सूटपण फक्त स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पिकाचं बियाणं, स्वतःच पुन्हा पेरण्यापुरती, तीपण वाजवी मर्यादेत आणि पैदासकाराचं हित सांभाळून. शेजाऱ्याला द्यायचं नाव नाही. विकायचं तर नाहीच. मुदत वीस वर्षं, झाडांना आणि वेलींना पंचवीस. युरोपात या नियमाखाली शेतकरी गहू-बार्लीसारख्या पिकांचं घरचं बियाणं पेरतो तेव्हा त्याला पैदासकाराला ठरलेली रक्कम द्यावी लागते, फक्त छोट्या शेतकऱ्याला माफी आहे, आणि छोटा म्हणजे ज्याची जमीन ९२ टन धान्य काढण्याइतपत किंवा त्याहून कमी आहे तो. ९२ टन! आमच्या अख्ख्या वस्तीवर सगळ्यांचं मिळून एवढं होत असेल की नाही शंका आहे. त्यांच्या शेतीचं मापच वेगळं आहे, तिथं मोठा शेतकरी पैसे देतो हे समजू शकतो. तिथलं माप आणून तात्यांच्या अंगणात ठेवलं तर ते कसं बसणार?

आणि इथं आपलं सरकार दोन तोंडांनी बोलतंय असं होऊ नये. राज्याचा कृषी विभाग दर उन्हाळ्यात गावोगाव सांगत फिरतो की सोयाबीनचं घरचं बियाणं ठेवा, ते सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही, दरवर्षी बदलायची गरज नाही, उगवण अशी तपासा, बीजप्रक्रिया अशी करा. कृषी सहायक स्वतः येऊन गोणपाटावर दाणे मांडून दाखवतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांनी बायफ संस्थेच्या मदतीनं गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली आणि शेतकऱ्यांना बियाणं वाटलं, त्यांना याच देशानं पद्मश्री दिली. बियाणं राखणं आणि वाटणं हे सार्वजनिक हिताचं काम आहे असं सरकारनंच ठरवलंय ना? मग व्यापाराच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्यांच्या हातातही तेच वाक्य असलं पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो नीट ऐकून घेण्यासारखा आहे. शेतकरी घरचं बियाणं वापरणार, शेजाऱ्याला देणार, तर मग सोयाबीन, हरभरा, तूर, गहू या पिकांत कंपनी पैसा घालेल कशाला. बरोबर आहे, कमीच घालते. संकरित बियाण्यात घालते कारण तिथं कायद्याची गरजच नाही, कुलूप दाण्यातच आहे. संकरित पिकाचा दाणा दुसऱ्या वर्षी पेरला तर झाडं सारखी येत नाहीत, उत्पन्न पडतं, शेतकरी आपोआप दुकानात येतो. आपल्या कापसाचं तेच झालं. जगात बहुतेक देश बीटी कापूस सरळ वाणांत घेतात, आपण जवळजवळ सगळा संकरित घेतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातला कापूसवाला दरवर्षी बियाण्याच्या पाकिटामागं उभा असतो, सरकारला त्या पाकिटाचा भाव बांधून द्यावा लागतो. म्हणजे ज्या पिकात शेतकऱ्याच्या हातातून बियाणं गेलं त्या पिकात सरकारला भाव ठरवायला बसावं लागलं, हे विसरू नका.

मग सोयाबीन-हरभऱ्यात नवी वाणं काढणार कोण? तर ज्यांनी आतापर्यंत काढली तेच. जेएस ३३५ जबलपूरच्या विद्यापीठाचं. फुले संगम राहुरीच्या विद्यापीठाचं, कसबे डिग्रजच्या केंद्रावरचं. हरभऱ्याचं जॅकी ९२१८ अकोल्याचं, कंबाइननं काढता येणारं फुले विक्रम राहुरीचं, तुरीचं गोदावरी बदनापूरचं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा काय पेरलंय, यातलीच नावं ऐकू येतील. हे सगळं जनतेच्या पैशातून झालेलं काम आहे, जनतेनं त्याचे पैसे आधीच दिलेत, म्हणून ते पोत्यातून पोत्यात फिरलं तर कुणाचं काही बुडत नाही, उलट ज्या कामासाठी पैसे दिले ते काम होतं. सार्वजनिक हित म्हणजे मला तरी हेच दिसतं. आणि म्हणून ज्यांना वाटतं की कायदा कडक केला की नवी वाणं धडाधड येतील त्यांना माझं सांगणं आहे की आधी चारही कृषी विद्यापीठांतल्या पैदासकारांच्या जागा भरा, संशोधन केंद्रांवर मजूर लावायला पैसे द्या, ज्यापासून बॅगेतलं बियाणं वाढवतात ते पायाभूत बियाणं वेळेवर आणि पुरेसं तयार करा. विद्यापीठाचं चांगलं वाण जाहीर होतं आणि त्याची बॅग बघायला मिळायला तीन वर्षं लागतात, तोपर्यंत कुणीतरी नातेवाइकाकडून पाच किलो आणतो आणि त्याचं वाढवून गावाला देतो. माझ्या गावात तीन वाणं अशीच आली, एक तर सोयरिकीत आलं, लग्नाला गेलेला माणूस पिशवीत बांधून घेऊन आला.

इथं दादाजी खोब्रागड्यांची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, मराठवाड्यातलं नांदेड नाही, तिथले हे तिसरी शिकलेले शेतकरी. १९८३ च्या सुमाराला पटेल ३ या धानाच्या बांधीत त्यांना दोन-चार लोंब्या वेगळ्या दिसल्या. ज्याला आपण नजर म्हणतो ती हीच. त्या लोंब्या त्यांनी वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्यातून निवड करत गेले, आणि जो बारीक, चवदार तांदूळ तयार झाला त्याला तेव्हा गाजलेल्या घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज विदर्भात, छत्तीसगडात, तेलंगणात किराणा दुकानात जाऊन एचएमटी मागा, मिळतो. १९९४ ला सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रानं त्यांच्याकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणं नेलं आणि १९९८ ला अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं पीकेव्ही एचएमटी नावाचं वाण जाहीर केलं. विद्यापीठाचं म्हणणं की आम्ही ते शुद्ध करून सुधारलं. दादाजींचं म्हणणं की माझं नाव कुठाय. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्यांचा गौरव केला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, त्यांनी पुढं डीआरके, नांदेड हिरा अशी आणखी वाणंही काढली, आणि जून २०१८ मध्ये ते गेले तेव्हा आजारपणात पैशाची ओढाताण होती.

काही जण हे उदाहरण कडक संरक्षणाच्या बाजूनं देतात, की बघा, पेटंट असतं तर दादाजी श्रीमंत झाले असते. मी याच्यावर बराच विचार केलाय आणि मला हे पटत नाही. एचएमटी पसरला कसा? शेतकऱ्यानं शेतकऱ्याला दिला म्हणून. दादाजींनी स्वतः लोकांना दिला. ती देवाणघेवाण बंद असती तर तो नांदेडच्या शिवेच्या बाहेर गेला नसता. आणि कडक कायद्यात नोंदणी करायला लागतो तो एकसारखेपणाचा कस, चाचण्या, फी, वकील, हे तिसरी शिकलेल्या माणसानं दीड-दोन एकरावरून कसं केलं असतं? दादाजींना जे मिळायला पाहिजे होतं ते वेगळं होतं. वाणावर त्यांचं नाव, आणि ज्यांनी ज्यांनी एचएमटीच्या बॅगा शिवून विकल्या त्यांच्या धंद्यातला हिस्सा. त्यांना लुबाडलं असेल तर बॅगवाल्यांनी, पोतंवाल्यांनी नाही. २००१ च्या कायद्यात याची सोय आहे: शेतकरी स्वतःच्या वाणाची नोंदणी करू शकतो, त्याला फी माफ आहे, त्याचं वाण वापरून कुणी नवं वाण काढलं तर लाभाचा वाटा मागता येतो, त्यासाठी राष्ट्रीय जनुक निधी आहे. दादाजींच्या बाबतीत कायदा उशिरा आला. पण आज गडचिरोलीत, भंडाऱ्यात, आजऱ्यात असा एखादा माणूस बांधावर उभा राहून वेगळी लोंबी निरखत असेल तर त्याच्यापर्यंत कुणी हा कायदा घेऊन जातंय का? नोंदणीचा फॉर्म भरून द्यायला तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडं एक माणूस तरी नेमलाय का? मला तरी असा कुणी भेटलेला नाही.

द्राक्षाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि तिथं मी थोडा मागं सरकतो. द्राक्षाला बी पेरावं लागत नाही, काडी लागते. एक काडी हातात आली की तिच्यावरून बाग, बागेवरून शंभर बागा, आणि प्रत्येक वेल अगदी मूळ वेलीसारखी. आपला द्राक्षधंदा असाच उभा राहिलाय, तासगाव भागात निवडलेला तास-ए-गणेश असो की सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाका, शरद सीडलेस असो, काड्या एका बागायतदाराकडून दुसऱ्याकडं गेल्या आणि महाराष्ट्र द्राक्षाचा झाला. पण आता परदेशी बाजाराला रंगीत, मोठ्या मण्याच्या, बिनबियांच्या नव्या जाती पाहिजेत, त्या परदेशी पैदासकारांकडं आहेत, आणि ते रॉयल्टीची खात्री असल्याशिवाय काडी देत नाहीत. नाशिकला करार करून अशा जाती आल्या. तिथं ज्यानं रॉयल्टी भरली त्याच्या शेजारी कुणी चोरून काडी भरली तर भरणाऱ्याला राग येणार, ते रास्त आहे. निर्यातीसाठी पन्नास एकर लावणारा आणि रोपवाटिका काढून रोपं विकणारा हा माझ्या तात्यांसारखा नाही, तो धंदा करतो, त्यानं पैसे द्यावेत. पण त्यासाठी कलम ३९ ला कात्री लावायची गरज नाही, रोपवाटिकेवर लक्ष ठेवा, कारण लेबल लावून रोप विकणं आजही बंदच आहे. आणि पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्याच्याकडं एवढा पैसा आणि एवढी माणसं द्या की दहा वर्षांनी आपल्या बागायतदाराला रंगीत जातीसाठी बाहेर हात पसरावा लागू नये.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला वैयक्तिक वाटते कारण आमची पेरणी गेली होती. कायदा पैदासकाराला हक्क देतो तसं त्याच्यावर ओझंही टाकतो. नोंदणी झालेल्या वाणाबद्दल त्यानं शेतकऱ्याला आधी सांगायचं की अमुक परिस्थितीत एवढं उत्पन्न येईल, आणि तसं आलं नाही तर शेतकरी प्राधिकरणाकडं भरपाई मागू शकतो. प्राधिकरण कुठं आहे? दिल्लीला. लातूरच्या माणसानं जूनमध्ये, रान उघडं पडलेलं असताना, दिल्लीला अर्ज करायचा. त्यापेक्षा लोक तालुक्याच्या समितीकडं जातात, पंचनामा होतो, बियाणं नीट होतं पण तुम्ही खोल पेरलं असं उत्तर येतं, आणि फाइल पडून राहते. आम्हाला पण तेच उत्तर आलं. ग्राहक आयोगात जाता येतं, शेतकरी हा ग्राहकच आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय, पण तारखांना जायचा खर्च बियाण्याच्या किमतीच्या पुढं जातो म्हणून आण्णांनी तो नाद सोडला. भरपाईचा हा अधिकार जिल्ह्यावर आणा. पैदासकाराचा हक्क मोडला तर कोर्ट आहे, मनाई हुकूम आहे, कोटीचा दावा आहे, आणि शेतकऱ्याचं पीक मोडलं तर एक पंचनामा, हे एकाच कायद्याखाली कसं चालेल?

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आण्णांनी तात्यांचं बियाणं सवाईनं माघारी घातलं, नवीन पोत्यात, चाळून. त्यातलं अर्धं तात्यांनी पुढच्या वर्षी त्यांच्या जावयाला दिलं. आता मीपण दर सुगीत बियाण्याचं सोयाबीन वेगळं काढतो आणि एप्रिलमध्ये गोणपाटावर शंभर दाणे मांडतो. गेल्या महिन्यात कृषी सेवा केंद्रात एका तरुण पोरानं मला विचारलं की हे कंपनीचं वाण घरी ठेवलं तर केस होते का हो काका, त्याला कुणीतरी गुजरातच्या बटाट्याचं सांगून घाबरवलं होतं. त्याला तिथं उभ्या उभ्या कलम ३९ समजावून सांगितलं तर दुकानदारही ऐकत उभा राहिला, त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक साधी मागणी आहे, संरक्षित सरळ वाणाच्या प्रत्येक बॅगवर मराठीत ठळक अक्षरात छापायला लावा की या वाणाचं बियाणं राखून ठेवायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा आणि लेबल न लावता विकायचा हक्क शेतकऱ्याला आहे. टॅगवर उगवण छापतात, शुद्धता छापतात, मुदत छापतात, त्याखाली ही एक ओळ मावते.